एक विशेषण मुळापासून शिकताना: इंदूरकरांचं 'क्लीन'

इंदुरात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारं इंग्रजी विशेषण कोणतं, असं कुणी विचारलं तर मी लगेच 'क्लीन' म्हणेन. स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा पहिलं आलं (२०२३ चा मान सुरतेबरोबर वाटून घेतला). तेव्हापासून भिंती, कचरागाड्या, शाळेतले निबंध आणि बाहेरगावच्या पाहुण्यांचं कौतुक, सगळीकडे हा शब्द मुक्कामाला आहे.

मी मराठी घरांतल्या मुलांना आणि बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या मोठ्यांना इंग्रजी शिकवते. 'क्लीन म्हणजे काय?' असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात 'स्वच्छ' म्हणतो. मग मी फळ्यावर चार जोड्या लिहिते: क्लीन चिट, क्लीन बोल्ड, क्लीन लोन, क्लीन शेव्ह. चारही रोजच्या आहेत, चारही सगळ्यांना कळतात, आणि 'स्वच्छ' यांतल्या एकीलाही नीट लागत नाही. स्वच्छ चिठ्ठी, स्वच्छ कर्ज असं आपण म्हणत नाही. मग या चौघींत 'क्लीन' नेमकं काय करतं? ते शोधता आलं की हा एक शब्द आपला होतोच, शिवाय इंग्रजीतलं कोणतंही विशेषण कसं फोडायचं याचा हात बसतो. खाली पायऱ्या देते. पहिल्या तीन सावकाश चढा, पुढच्या भराभर जातील.

पायरी पहिली: मूळ बघा, पण गाभा काढण्यापुरतं

व्युत्पत्ती वाचताना माणूस हरवतो, म्हणून आधीच ठरवून घ्या की आपल्याला तिथून अर्थाचा गाभा आणायचा आहे.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे सुमारे हजार-बाराशे वर्षांपूर्वी, हा शब्द 'क्लॅने' असा काहीसा उच्चारला जाई. घाण नसलेला हा अर्थ तेव्हाही होता, आणि त्याच्याच जोडीने पवित्र, निष्पाप हाही. त्याच्या मागे गेलं की आपण जर्मॅनिक भाषांच्या जुन्या कुळात पोचतो आणि तिथे अर्थ सापडतो तो चकचकीत, तेजस्वी असा. याच कुळातला आजचा जर्मन शब्द 'क्लाइन', आणि त्याचा अर्थ चक्क 'लहान'! हे कसं झालं? जुन्या जर्मनमध्ये चकचकीत वस्तू ती नाजूक, नाजूक ती बारीक, बारीक ती लहान, असा अर्थ पायरीपायरीने सरकत गेला. मूळची चमक मात्र जर्मनच्या 'क्लाइनोट' या शब्दात टिकली आहे. त्याचा अर्थ दागिना, जवाहीर. म्हणजे इंग्रजांनी 'क्लीन'मध्ये निर्मळपणा ठेवला आणि जर्मनांनी लहानपणा, पण सुरुवात दोघांची लकाकीपासून.

आपल्या मुलांना सतत 'क्लीन'च्या शेजारी दिसणारा 'नीट' हा इंग्रजी शब्दही लकाकीतूनच आला आहे, फक्त वाट वेगळी. लॅटिनमधला 'नितिदुस' म्हणजे चमकणारा. तो फ्रेंचमधून इंग्रजीत येऊन 'नीट' झाला. वजनातला 'नेट', म्हणजे डबा-पिशवी वगळून उरलेलं निव्वळ वजन, त्याचाच भाऊ. आता आपला 'स्वच्छ' बघा. सु अधिक अच्छ. 'अच्छ' म्हणजे पारदर्शक, आरपार दिसणारं. इंग्रजी शब्द पृष्ठभागावरच्या चमकेतून निघाला आणि आपला शब्द पाण्याच्या पारदर्शकपणातून.

चमक केव्हा दिसते? मधलं काही आड येत नाही तेव्हा. सराफ्यात जुनी अंगठी उजळायला दिली तर सराफ ती रिठ्याच्या पाण्यात भिजवतो आणि मऊ ब्रशने खाचाखाचांतून साबणाचा, पिठाचा, तेलाचा थर काढतो. सोन्यात तो काही भर घालत नाही. वर बसलेलं परकं तेवढं जातं आणि सोनं आपोआप दिसू लागतं. 'क्लीन'चा गाभा हाच आहे: जे नको ते तिथे नाही.

पायरी दुसरी: प्रत्येक वेळी 'काय नाही?' असं विचारा

या लेखातली सगळ्यात कामाची पायरी हीच. 'क्लीन' दिसलं की लगेच प्रतिशब्द शोधू नका. आधी विचारा, इथे काय नाही? उत्तर पुढच्या नामात दडलेलं असतं.

क्लीन हँड्स: माती नाही. क्लीन शेव्ह: दाढी-मिशी नाही. क्लीन चिट: ठपका नाही. क्लीन जोक: चावटपणा नाही. क्लीन कॉपी: खाडाखोड नाही. फुटबॉलमध्ये गोलकीपरची क्लीन शीट: अंगावर एकही गोल नाही.

क्रिकेटचं उदाहरण मला फार आवडतं, कारण इंदूर हे जुनं क्रिकेटवेडं गाव आहे. होळकरांच्या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत कप्तानी करणारे सी. के. नायडू याच मातीत खेळले. इथल्या कुठल्याही मैदानावर पोरगं बाद झालं की आरोळी उठते, 'क्लीन बोल्ड!' पण नियमांच्या पुस्तकात 'क्लीन बोल्ड' असा प्रकारच नाही. तिथे फक्त 'बोल्ड' आहे. चेंडू बॅटीला किंवा पॅडला लागून यष्ट्यांवर गेला तरी फलंदाज बोल्डच, आणि धावफलकावर दोन्हींसाठी एकच अक्षर, 'बी'. मग 'क्लीन' कशाला? इथे काय नाही ते विचारा. मध्ये बॅट नाही, पॅड नाही, कड नाही, चेंडू थेट आत गेला. बोलणाऱ्याला तेवढंच सांगायचं असतं. म्हणून बॅटीची आतली कड लागून दांडी उडाली तर 'क्लीन बोल्ड' म्हणू नका, 'प्लेड ऑन' म्हणा.

बँकेत 'क्लीन लोन' किंवा 'क्लीन ओव्हरड्राफ्ट' म्हटलं की नवशिक्याला वाटतं, कागदपत्रं चोख असलेलं कर्ज. तसं नाही. इथे तारण नाही. घर, सोनं, ठेव यांपैकी काहीही गहाण न ठेवता दिलेलं कर्ज. स्पर्धा परीक्षेच्या उताऱ्यात हा शब्द आला की मुलं हमखास अडतात, आणि 'काय नाही?' विचारलं की हमखास सुटतात.

पीथमपूरच्या कारखान्यांत निर्यातीचे कागद बघणाऱ्यांना 'क्लीन बिल ऑफ लेडिंग' माहीत असेल. बिल ऑफ लेडिंग म्हणजे माल ताब्यात घेतल्याची वाहतूक कंपनीची पावती. माल जहाजावर चढवताना खोकी फुटलेली दिसली, पिंपं गळताना दिसली, तर वाहतूक कंपनी कागदावर तसा शेरा मारते. असा शेरा नसलेला कागद तो क्लीन. पतपत्रावर (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देऊ अशी बँकेची लेखी हमी) पैसे मिळायचे तर बँकेला तोच लागतो. त्या व्यवहारांचे आंतरराष्ट्रीय नियम २००७ पासून सुधारित स्वरूपात चालू आहेत आणि त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की कागदावर 'क्लीन' हा शब्द छापलेला असण्याची गरज नाही. सदोषतेचा शेरा नसला की झालं. 'क्लीन'ची याहून चांगली व्याख्या मला कुठल्या शब्दकोशात मिळालेली नाही.

'क्लीन बिल ऑफ हेल्थ' हाही मूळचा जहाजाचाच कागद. जहाज ज्या बंदरातून निघालं तिथे प्लेगसारखी साथ नव्हती, असा तो दाखला. तो नसला तर नव्या बंदरात खलाशांना उतरू देत नसत. आज डॉक्टरने तपासून 'काही नाही, ठणठणीत आहात' म्हटलं की इंग्रजीत हेच शब्द वापरतात.

कोर्टातली 'क्लीन हँड्स' ही कल्पना वकील मंडळींच्या नेहमीच्या वापरात आहे. न्याय मागायला येणाऱ्याचे स्वतःचे हात बरबटलेले नसावेत, त्याने काही लपवलेलं नसावं, हे इंग्लंडमधल्या समन्यायाचं (इक्विटीचं, म्हणजे कायद्याच्या नुसत्या अक्षरापलीकडे जाऊन रास्त काय ते बघणाऱ्या न्यायाचं) जुनं तत्त्व. इंदुरात उच्च न्यायालयाचं खंडपीठ असल्यामुळे आपल्यापैकी अनेकांच्या घरात हा शब्दप्रयोग जेवणाच्या ताटावरही येतो. इथे काय नाही? लबाडी नाही.

या प्रश्नाचा आणखी एक उपयोग आहे, जाहिरात तपासण्याचा. 'क्लीन फ्युएल' वाचलं की विचारा, काय नाही? धूर नाही, की धूर कमी आहे? इंदुरात ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा रोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. त्या बायो-सीएनजीला आपण क्लीन म्हणतो ते डिझेलच्या तुलनेत, काजळी खूप कमी म्हणून. (सीएनजीतला 'सी' हा 'क्लीन'चा, असं अनेक मुलं लिहितात. तो 'कॉम्प्रेस्ड'चा आहे, म्हणजे दाबून भरलेला.) खाण्याच्या पाकिटांवरच्या 'क्लीन लेबल'ला तर ठरलेली कायदेशीर व्याख्याच नाही. पाकीट उलटं करा, घटक वाचा आणि काय नाही ते स्वतः बघा.

पायरी तिसरी: मराठी प्रतिशब्द एक नको, अनेक गोळा करा

वहीचं एक पान घ्या. डाव्या बाजूला 'क्लीन'ची जोडी लिहा आणि उजव्या बाजूला मराठी माणूस तिथे खरोखर काय म्हणेल ते. शब्दकोशातलं नको, तोंडातलं.

क्लीन टॉवेलसाठी स्वच्छ, किंवा धुतलेला. क्लीन स्लेट म्हणजे कोरी पाटी. क्लीन कॅरेक्टर म्हणजे निष्कलंक चारित्र्य. क्लीन चिट मिळाली म्हणजे निर्दोष ठरला. क्लीन लोन ते विनातारण कर्ज. मालिकेत क्लीन स्वीप मिळवला की मराठी वर्तमानपत्रं 'निर्भेळ यश' म्हणतात. क्लीन बोल्डला आपल्याकडे त्रिफळाचीत. क्लीन ब्रेक म्हणजे कायमची फारकत, आणि हाड एका रेषेत मोडलं असेल तर सरळ मोड. 'कम क्लीन' म्हणजे खरं काय ते एकदाचं सांगून टाकणं.

आता उजवी बाजू पुन्हा वाचा. निष्कलंक, निर्दोष, निर्भेळ, विनातारण, आणि निर्मळ तर आहेच. बहुतेक शब्दांच्या तोंडाशी 'नि', 'निर्', 'निष्' किंवा 'विना' आहे. इंग्रजी 'क्लीन' जे गिळून बसतं, ते मराठी उघडपणे बोलून दाखवते: कलंक नाही, दोष नाही, भेसळ नाही, तारण नाही, मळ नाही. दुसऱ्या पायरीवरचा प्रश्न मराठी भाषेने आधीच विचारून ठेवलेला आहे. मुलांना हे दिसतं तेव्हा त्यांना इंग्रजीइतकाच मराठीचाही आनंद होतो, आणि मध्य प्रदेशात हिंदी शाळांतून किंवा इंग्रजी शाळांतून वाढणाऱ्या आपल्या मुलांसाठी तो आनंद मला फार मोलाचा वाटतो.

'क्लीन'चा सगळ्यात जवळचा सोबती मात्र 'स्वच्छ' नाही, 'साफ' आहे. तो अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. 'घर साफ आहे' इथपर्यंत दोघे सारखे. पण 'मी साफ विसरले' म्हणा, इंग्रजीत काय येईल? 'आय क्लीन फरगॉट.' तंतोतंत तेच! घाण नसणं ते पूर्णपणे, काहीही शिल्लक न ठेवता, ही उडी दोन्ही भाषांनी आपापली मारली. 'गोळी भिंतीतून साफ आरपार गेली' हे 'क्लीन थ्रू'. 'जुगारात साफ झाला' हे 'क्लीन्ड आउट'. मोल्सवर्थचा १८५७ च्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर फुकट बघता येतो. त्यात 'साफ' काढून वाचाच. फक्त एक सावधगिरी बाळगा. 'साफ नकार' आणि 'साफ खोटं' यांच्याशी 'क्लीन' लावू नका. नकाराला 'फ्लॅट रिफ्युजल', खोट्याला 'डाउनराइट लाय'. सोबती झाला तरी शेवटपर्यंत बरोबर येत नाही.

पायरी चौथी: उलट शब्द नामाप्रमाणे बदला

'क्लीन'च्या विरुद्ध 'डर्टी' हे पाठ असतं. शर्टाला ते ठीक आहे. पण क्लीन कॉपीच्या उलट 'रफ कॉपी', क्लीन लोनच्या उलट 'सिक्युअर्ड लोन', क्लीन शेव्हनच्या उलट 'बिअर्डेड', क्लीन फ्युएलच्या उलट 'पोल्युटिंग' (इथे 'डर्टी'सुद्धा चालतं), क्लीन बिल ऑफ लेडिंगच्या उलट 'क्लॉज्ड' (शेरा मारलेलं) किंवा 'फाउल'. उलट शब्द सापडला म्हणजे अर्थ सापडला, हे जवळपास नेहमी खरं ठरतं.

'अनक्लीन' जपून वापरा. तो नुसत्या मळक्या वस्तूचा शब्द नाही. त्याला धार्मिक वास आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये प्राण्यांचे 'क्लीन' आणि 'अनक्लीन' असे दोन गट आहेत. खूर दुभंगलेले आणि रवंथ करणारे ते क्लीन, म्हणजे खायला चालणारे. डुकराचे खूर दुभंगलेले, पण ते रवंथ करत नाही, म्हणून अनक्लीन. तिथे प्रश्न अंगावरच्या चिखलाचा नाही. ज्यांनी घरात आजीचं सोवळं-ओवळं पाहिलं आहे त्यांना हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही: नुकतं घासलेलं भांडंही ओवळं असू शकतं.

पायरी पाचवी: शेजाऱ्यांपासून वेगळं काढा

'क्लीन' आणि 'क्लिअर' यांची गल्लत सर्वांत धोक्याची आहे, म्हणून ती करून दाखवते. पावसाळ्यात गढूळ पाणी काचेच्या पेल्यात घ्यायचं, तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवायचा आणि पेला तसाच ठेवायचा. थोड्या वेळाने वर पाण्याचा नितळ थर आणि तळाशी मातीची साय दिसते. मुलांना विचारते, 'इज इट क्लिअर?' यस. 'इज इट क्लीन?' वर्ग गप्प होतो. तुरटीने बारीक कण एकत्र येऊन खाली बसले. जंतू त्यात अजून असू शकतात. पाणी उकळून किंवा क्लोरीन घालून मगच प्यायचं. 'क्लिअर' हा लॅटिन 'क्लारुस'चा वंशज, त्याचं काम दिसण्याशी. 'क्लीन'चं काम असण्याशी. उलटही होतं: लिंबाचं सरबत क्लीन असतं, क्लिअर नसतं.

'टायडी' म्हणजे जागच्या जागी. कपाटात घड्या नीट आहेत पण कपडे न धुतलेले, तर ते टायडी आहे, क्लीन नाही. 'प्युअर' म्हणजे दुसरं काही न मिसळलेलं: प्युअर तूप म्हणा, क्लीन तूप म्हणू नका. 'हायजिनिक' म्हणजे रोग होणार नाही असं, आणि तो शब्द स्वयंपाकघर, दवाखाना, खाण्याची गाडी यांना लावा.

'क्लिनिक' आणि 'क्लीन' यांचं काही नातं नाही. दवाखाना स्वच्छ असतो म्हणून क्लिनिक, असं मला अनेकांनी खात्रीने सांगितलं आहे. 'क्लिनिक'चं मूळ ग्रीक 'क्लिने', म्हणजे खाट. रुग्णाच्या खाटेशी जाऊन वैद्य तपासतो ते क्लिनिकल.

पायरी सहावी: उच्चार

एका मुळाचे दोन उच्चार आहेत आणि इथे शिकलेसवरलेलेही चुकतात. 'क्लीन' दीर्घ. पण 'क्लेन्झ', 'क्लेन्झर' आणि 'क्लेन्लिनेस' यांत 'क्ले' आहे. भाषणांत सर्रास 'क्लीनलिनेस' ऐकू येतं आणि पार्लरमध्ये 'क्लिंझिंग मिल्क'. बरोबर उच्चार 'क्लेन्लिनेस' आणि 'क्लेन्झिंग'.

असं का, हेही सांगते, म्हणजे विसरणार नाही. जुन्या इंग्रजीत मूळ शब्दाचा स्वर दीर्घ होता. पुढे प्रत्यय लागून शब्द लांबला की तो ऱ्हस्व होई. त्यानंतर साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर हलले आणि दीर्घ 'ए' जाऊन 'ई' आला. ऱ्हस्व होऊन बसलेले स्वर मात्र जागचे हलले नाहीत. म्हणून क्लीन पण क्लेन्झ, हील पण हेल्थ, मीन पण मेंट, ड्रीम पण ड्रेम्ट, डील पण डेल्ट. स्पेलिंग सगळीकडे ई-ए. एक जोडी लक्षात राहिली की बाकीच्या मागे येतात.

आणखी एक: 'किलीन' करू नका. 'क' आणि 'ल' यांच्यामध्ये स्वर घुसू देऊ नका. आपण 'क्लेश' स्वच्छ म्हणतो, तोच जोडाक्षराचा उच्चार इथे करा.

पायरी सातवी: वाक्यात बसवा

तुलनेची रूपं साधी: क्लीन, क्लीनर, क्लीनेस्ट. 'मोअर क्लीन' टाळा. 'व्हेरी क्लीनर' तर नाहीच, तिथे 'मच क्लीनर'. आपल्या शहराचं वाक्य तरी अचूक यावं अशी माझी फार इच्छा आहे: 'इंदोर इज द क्लीनेस्ट सिटी इन इंडिया.' निबंधांत यातला 'द' गळतो आणि 'इन'च्या जागी 'ऑफ' येतो, कारण मराठीत आपण 'भारतातलं' म्हणताना 'चं-ची-चे' मनात धरतो. जागा असली की 'इन'. आणि 'वन ऑफ द क्लीनेस्ट' म्हटलंत तर पुढे 'सिटीज', अनेकवचन.

रंगाच्या आधी 'क्लीन' येतं: 'अ क्लीन व्हाइट शर्ट'.

एक रचना मात्र वेळ देऊन शिका, कारण ती आली की इंग्रजी बोलण्यात जोर येतो. क्रियापद, मग वस्तू, मग 'क्लीन'. 'कीप द सिटी क्लीन.' 'वाइप द टेबल क्लीन.' 'शी लिक्ट द प्लेट क्लीन', म्हणजे तिने ताट चाटूनपुसून लख्ख केलं. आपल्याकडे क्रिया आधी सांगून निकाल 'केलं'ने सांगतात. इंग्रजीत निकालाचं विशेषण शेवटी ठेवलं की काम झालं. 'कीप क्लीन द सिटी' अशी पाटी लिहिणाऱ्याने वस्तू आणि विशेषण यांची अदलाबदल केलेली असते.

'पूर्णपणे' या अर्थी क्रियाविशेषण 'क्लीन'च राहतं ('क्लीन फरगॉट'). रीत सांगायची तर 'क्लीनली', उच्चार 'क्लीन्ली': 'द नाइफ कट क्लीनली.'

क्रियापद म्हणून 'क्लीन' सगळीकडे घुसवू नका. मराठीत आपण झाडतो, पुसतो, घासतो, विसळतो, धुतो, आणि इंग्रजीतही त्यासाठी वेगवेगळे शब्द आहेत: स्वीप, वाइप किंवा मॉप, स्क्रब, रिन्स, वॉश. 'आय क्लीन द युटेन्सिल्स' ऐवजी 'आय वॉश द डिशेस'.

पायरी आठवी: आपलं कोणतं, परदेशात चालणारं कोणतं

'क्लीन चिट' हे भारतीय इंग्रजी आहे. यातला 'चिट' आपल्या 'चिठ्ठी'चाच, कंपनीच्या काळात इंग्रजांनी उचललेला. आपल्याकडे बेधडक वापरा, त्यात कमीपणा काही नाही. पण लंडनच्या किंवा टोरंटोच्या साहेबाला पत्र लिहिताना 'क्लिअर्ड ऑफ ऑल चार्जेस' लिहा. ट्रकवरचा 'क्लीनर', ज्याला खेड्यापाड्यांत 'किन्नर' म्हणतात, तोही आपलाच. इंग्लंडमध्ये 'क्लीनर' म्हणजे घर-कचेरी झाडणारी व्यक्ती. ड्रायव्हरचा सोबती या अर्थी हा शब्द तिथे कुणाला कळणार नाही. 'नीट अँड क्लीन' ही जोडी आपल्या शाळांनी इतकी घासली आहे की प्रत्येक निबंधात घर, गाव, वर्ग, मुलगा, सगळे नीट अँड क्लीन. चूक नाही, पण गुळगुळीत झाली आहे. इंग्लंडचा माणूस बहुतेक वेळा 'क्लीन अँड टायडी' म्हणेल. तुम्ही एका जागी 'स्पॉटलेस' लिहून बघा.

सरावाला काय कराल

घरातून निघून राजवाड्यापर्यंत जा आणि वाटेत दिसेल त्याला 'क्लीन' लावा, वाक्य पूर्ण करून. फुटपाथ, पोह्यांच्या गाडीवरची पुसलेली परात, न्हाव्याच्या खुर्चीतला गुळगुळीत गालांचा गिऱ्हाईक, पानाच्या दुकानातल्या वर्तमानपत्रातली कुणाला तरी मिळालेली क्लीन चिट. प्रत्येक वाक्यापाशी मनात म्हणा, काय नाही? उत्तर एका शब्दात आलं तर वाक्य बरोबर आहे. उत्तर आलं नाही, तर बहुधा तिथे 'नाइस', 'टायडी' किंवा 'क्लिअर' हवं होतं.

मग हाच प्रश्न घेऊन 'ड्राय', 'फ्री', 'रॉ', 'ब्लँक' आणि 'बेअर' यांच्याकडे वळा. 'ड्राय डे'ला दारू नाही, 'ड्राय क्लीनिंग'मध्ये पाणी नाही (तिथे द्रावक वापरतात), 'ड्राय रन'मध्ये खराखुरा प्रयोग नाही. 'हेवी', 'रिच', 'थिक' यांच्यासाठी प्रश्न उलटा करा: काय जास्त आहे? 'हेवी ट्रॅफिक'मध्ये गाड्या, 'हेवी स्लीपर'मध्ये झोपेचा गाढपणा, 'रिच फूड'मध्ये तूप-साखर. 'फेअर' मात्र शेवटी घ्या. त्याला गोरा, न्याय्य, बरा, जत्रा आणि पक्की वही असे पाच धागे आहेत, आणि त्यातला जत्रेचा धागा तर वेगळ्याच मुळाचा आहे.